‘जमणारच नाही’मधला ‘च’

२२ ऑक्टोबर २०११, शनिवार. साताऱ्यात जिल्हा परिषदेनं एक बारसं घातलं होतं. पाळण्यातल्या बाळांचं नव्हे, चांगल्या बोलत्याचालत्या, शाळेत जाणाऱ्या मुलींचं. केसांना पिना, रिबिनी लावून, ठेवणीतले कपडे घालून त्या आल्या होत्या. एकेकीच्या हातात फुलं आणि एक दाखला दिला जात होता. दाखल्यावर तिचं नवं नाव होतं. जुनं नाव बहुतेकींचं सारखंच होतं : नकोशी किंवा नकुसा. अशा २८५ मुलींची नावं त्या दिवशी बदलली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री.

मुलीच्या पाठीवर मुलगीच झाली की तिला ‘नकोशी’ म्हणायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, ही त्या नावामागची समजूत. घरच्यांच्या लेखी तो नवसासारखाच एक उपाय. पण तेच नाव मुलीच्या जागी उभं राहून ऐकून पाहावं. सकाळी उठवताना आई तेच म्हणणार, हजेरी घेताना बाई तेच पुकारणार, खेळात गडी वाटून घेताना मैत्रिणी तेच ओरडणार. दिवसातून पन्नास वेळा तिला सांगितलं जाणार, की तू नको होतीस. हे ऐकत वाढलेली मुलगी वर्गात हात वर करत नसेल, तर ‘तिच्यात आत्मविश्वासाचा अभाव आहे’ असं निदान करणं सोपं आहे. तो अभाव तिच्यात कुणी आणून ठेवला, हे मात्र त्या निदानात कुठेच येत नाही.

नावं धड असलेल्यांचीही यातून सुटका नाही. ‘आपल्याच्यानं व्हायचं नाही’ हा दाखला मनाच्या खिशात घेऊन वावरणारी माणसं घरोघरी आहेत आणि त्यासाठी लागणारी वाक्यं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत. ‘आपल्याला कुठलं जमायला?’ ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही.’ ‘पायरी ओळखून राहावं.’ अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण मुळात उधळपट्टीविषयी आहे. पण बारावीनंतर शहरात शिकायला निघालेल्या पोराला ती ऐकवली जाते, तेव्हा तिचा पैशाशी संबंध उरत नाही. तुझं अंथरूण एवढंच, असं त्याला सांगितलेलं असतं.

शाळेतला सगळ्यात जुना शेरा घ्या. मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात. ब्राह्मीपासून आजपर्यंत बाकीच्या अक्षरांची वळणं बदलत गेली, ढ तेवढा होता तसाच राहिला, म्हणून तो शब्द आला, असं सांगतात. म्हणजे ‘ढ’ हा गणिताच्या एका पेपरावरचा शेरा नव्हेच. हे पोर कधी बदलणार नाही, असं ते भाकीत आहे, आणि ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडावर केलं जातं.

अशी भाकितं खरी कशी ठरतात, हे एका प्रयोगात फार स्पष्ट दिसलं. जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि त्यांच्या सहकारी प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जितकी कोडी सुटतील तितके पैसे. मुलांच्या जाती उघड केल्या नव्हत्या, तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक नव्हता. मग काही गटांत कोडी देण्याआधी प्रत्येकाचं नाव जातीसकट मोठ्यानं वाचलं गेलं. तिथं दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, बक्षीस तेच, बुद्धीही तीच. मधे फक्त एक वाक्य उच्चारलं गेलं होतं. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात तो पहिल्या दिवशी शिकवायला हवा.

हे सगळं आधी मांडायचं कारण असं, की मनाच्या आरोग्याविषयी आज जे ढिगानं बोललं जातं, त्याची सुरुवात नेमकी उलट्या टोकाकडून होते. सगळं तुमच्या मनात आहे, विचार बदला, आयुष्य बदलेल. सभागृहं भरतात, पुस्तकं खपतात, सकाळी सहापासून फोनवर सुविचार येऊन पडतात. आरशापुढं उभं राहा आणि ‘मी यशस्वी आहे, मी समर्थ आहे’ असं रोज म्हणा, हा सल्ला तर आता शाळकरी मुलांनाही दिला जातो.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच सल्ला तपासला. २००९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपण प्रेम करण्याजोगे आहोत, अशा अर्थाचं वाक्य काही जणांना मनाशी पुन्हापुन्हा म्हणायला सांगितलं होतं. ज्यांना स्वतःविषयी आधीच बरं वाटत होतं, त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांना स्वतःविषयी कमीपणा वाटत होता, म्हणजे ज्यांच्यासाठी हा उतारा सांगितला जातो, त्यांना मात्र आणखी वाईट वाटलं. यात नवल नाही. ‘मी हुशार आहे’ असं जबरदस्तीनं म्हटलं की आतून लगेच उलटतपासणी सुरू होते. हुशार? मग सहामाहीचं काय? त्या मुलाखतीत काय झालं? भाऊजी चारचौघांत काय म्हणाले होते? पुरावे ढीगभर निघतात. ज्याच्याजवळ स्वतःच्या बाजूनं एकही साक्षीदार नाही, त्याला मोठ्या आवाजात दावा करायला लावणं हे क्रूरपणाचं आहे, भले ते कितीही हसतमुखानं केलेलं असो.

मग ‘आपल्याला जमणार नाही’ हा विचार सुटतो कशानं? मराठी माणसाला याचं उत्तर शोधायला एका अक्षरापासून सुरुवात करता येईल. ते अक्षर म्हणजे ‘च’.

‘मला चांगले मार्क मिळावेत’ ही इच्छा आहे. ‘मला चांगले मार्क मिळालेच पाहिजेत’ हा हुकूम आहे. ‘मला हे जमलं नाही’ ही घडलेली गोष्ट आहे. ‘मला हे जमणारच नाही’ हा कायमचा निकाल आहे. ‘लोक हसतील’ ही शक्यता, ‘लोक हसणारच’ ही खात्री. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या वाक्याला धार येते ती त्या एका अक्षरानं. पण इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हळहळतो, आणि हुकूम मोडला तर तो कोसळतो. आपल्या भाषेनं मनाच्या दुखण्याची ही जागा इतकी बारीक दाखवून ठेवली आहे, की ती कानानं पकडता येते. घरात दिवसभर कोण किती ‘च’ वापरतं, हे एकदा ऐकून पाहावं.

इच्छा आणि हट्ट यांच्यातला हाच फरक अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामाचा गाभा आहे. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलेली उपचारपद्धती मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही. घटनेविषयी आपण मनाशी जे बोलतो, ते करतं, असं या पद्धतीचं म्हणणं. एपिक्टिटस या ग्रीक तत्त्वज्ञाकडून आपण हे घेतलं, असं एलिस स्वतःच सांगत. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि इथं रुजवली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकामुळं ती सामान्य मराठी वाचकांपर्यंत पोचली. ठाण्यात १९९० पासून चालणाऱ्या, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभ्या केलेल्या आय.पी.एच. या संस्थेनंही ही भाषा व्याख्यानांतून, नाटकांतून, शिबिरांतून लोकांत नेली. मनाशी बोलण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. समर्थ रामदासांनी २०५ श्लोक मनाला समजावण्यासाठीच लिहिले. एलिस यांचा विचार इथं इतक्या सहज घरचा झाला, त्यामागं हेही कारण असावं.

पण एलिस यांचं सगळ्यात मोलाचं शिक्षण कुठल्या ग्रंथात नाही, न्यूयॉर्कमधल्या एका बागेत झालं, आणि ते कळल्याशिवाय त्यांची पद्धत अर्धीच कळते. लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारानं वारंवार इस्पितळात पडून राहिलेला, घरच्यांचं फारसं लक्ष न लाभलेला हा मुलगा कमालीचा बुजरा होता. अनोळखी मुलीशी बोलण्याची तर त्याला दहशतच होती. एकोणिसाव्या वर्षी त्यानं ठरवलं, की ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली कुणी दिसली, की तिच्या बाकावर बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. नंतर त्यांनी स्वतः सांगितलेला हिशेब असा : महिनाभरात अशा १३० जणी भेटल्या. त्यांतल्या तीस उठून निघून गेल्या. उरलेल्या शंभरांशी गप्पा झाल्या. पाखरांविषयी, फुलांविषयी, पुस्तकांविषयी. पुन्हा भेटायला एकच तयार झाली, आणि ती आलीच नाही.

म्हणजे हिशेबाच्या वहीत निकाल शून्य. पण त्या महिन्यात कुणी ओरडलं नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, कुणाच्या नकारानं जीव गेला नाही. आणि शंभर वेळा बोलून झाल्यावर बोलण्याची भीती निघून गेली होती. त्यानं स्वतःला ‘मी धीट आहे’ असं एकदाही बजावलं नव्हतं. तो फक्त बाकावर जाऊन बसत होता. पुढं एलिस आपल्याकडे येणाऱ्यांनाही असेच गृहपाठ देत. कुणाला केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यानं ओढत न्यायला सांगत, कुणाला बसमध्ये प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्यानं पुकारायला. लोक बघतात, दोन-चार जण हसतात आणि आपापल्या कामाला लागतात. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाखाली अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला हे एकदा अंगावर घेऊन पाहिल्याशिवाय पटत नाही.

विचार आधी की कृती आधी, या प्रश्नावर मानसशास्त्रात बराच खल झाला. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग त्यात नेहमी सांगितले जातात. (ते वाचताना आज अंगावर काटा येतो, आणि यावाही.) विजेचे धक्के थांबवणं ज्यांच्या हाती नव्हतं, अशी कुत्री पुढं सुटकेचा सोपा मार्ग समोर असतानाही जागीच कण्हत पडून राहिली. गुडघ्याएवढा कठडा ओलांडला की सुटका होती. बहुतेकांनी प्रयत्नही केला नाही. याला शिकलेली असहायता असं नाव पडलं. मग २०१६ मध्ये त्याच दोघांनी, मधल्या काळातलं मेंदूवरचं संशोधन समोर ठेवून, आपलाच सिद्धांत उलटा केला. असहायता शिकावी लागत नाही. दीर्घ छळापुढं मेंदूची ती मूळचीच प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं फरक पडतो’ हे. पन्नास वर्षं ज्या सिद्धांतानं नाव मिळवून दिलं, तोच चुकला होता असं लिहायला मोठं मन लागतं.

त्या प्रयोगांतली कुत्री पुन्हा उठली कशी? त्यांना बोलावून काही झालं नाही, पलीकडे खाऊ ठेवूनही झालं नाही. संशोधकांनी पट्टा धरून त्यांना ओढत कठड्यापलीकडे नेलं. एकदा, दोनदा, पुष्कळदा. शेवटी पाय स्वतःहून उचलले गेले.

माणसाच्या बाबतीत हे ओढून नेणं कसं दिसतं, ते पाहायचं तर गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत जावं लागतं.

मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. त्याआधी ते झिम्बाब्वेत हरारेला काम करून आले होते. तिथल्या शोना भाषेत नैराश्याला सरळ प्रतिशब्द नव्हता. होता तो ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करत राहणं. आपल्याकडच्या ‘जिवाला घोर लागलाय’ची ही जणू सख्खी बहीण. गोव्यात काम करताना संगाथच्या लोकांनी रोगाची मोठमोठी नावं बाजूला ठेवली आणि लोक वापरतात तोच शब्द घेतला : टेन्शन. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी समुपदेशक नेमले. त्यांच्यापैकी कुणीही मानसोपचाराचं व्यावसायिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. आसपासच्याच वस्त्यांतली साधी माणसं. काही आठवडे शिकवणी, मग काही महिने प्रत्यक्ष काम करत शिकणं, आणि दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून चुका काढणं. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची.

उपचार सहा ते आठ बैठकांचा. एका बैठकीत काय होत असेल? समजा, पन्नाशीतली एक बाई अंगदुखी आणि झोप नाही म्हणून केंद्रात आली आहे. नवरा गेला, मुलगा परगावी, शेजारणीकडे जाणं बंद झालं, स्वयंपाकही एकवेळच. समोरची समुपदेशक तिला ‘छान विचार करा’ असं म्हणत नाही. गेल्या आठवड्यात दिवस कसा गेला, ते विचारते. बाई सांगते, काय करायचं, पडून असते. मग एक कागद पुढं येतो. त्यावर वार आणि वेळांचे चौकोन. पूर्वी काय आवडायचं? बाई जरा आठवून म्हणते, अबोलीचे वळेसार करायची. मग मंगळवारी संध्याकाळी अबोलीला पाणी, गुरुवारी शेजारणीच्या दारात पाच मिनिटं उभं राहणं, शनिवारी बाजार. एवढंच. मन लागेपर्यंत थांबायचं नाही. मन नसतानाच उठायचं आणि नंतर कसं वाटलं ते चौकोनात लिहायचं, लिहिता येत नसेल तर खूण करायची.

हे इतकं साधं वाटतं, की कुणालाही शंका यावी. म्हणून आकडे सांगितले पाहिजेत. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या २०१७ च्या अंकात आले. निम्म्यांना आरोग्य केंद्राचे नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना त्याच्या जोडीला या बैठका. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. बैठका मिळालेल्यांतले ६४ टक्के. वर्षानंतरही फायदा टिकून होता, आणि तो बऱ्याच अंशी दिवसातली हालचाल वाढल्यामुळं झाला होता. नैराश्यावर हाच एक उपाय आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्यांचं दुखणं खोल आहे त्यांना डॉक्टर आणि औषधं लागतातच. जीव द्यावासा वाटणाऱ्याला तर एक दिवसही एकटं सोडता कामा नये. पण दहावी-बारावी शिकलेली एखादी समजूतदार बाई, नीट शिकवलं आणि पाठीशी कुणी उभं राहिलं तर, अशा आजारातून माणूस उठवू शकते, हे गोव्यानं सिद्ध केलं आहे.

इथं विदर्भाकडे वळल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कारण ‘मर्यादा घालणारे विचार’ या शब्दांचा सगळ्यात जास्त गैरवापर शेतकऱ्याच्या बाबतीत होतो. बोंडअळी हा विचार नाही. सोसायटीचं कर्ज हा विचार नाही. कापसाचा पडलेला भाव हा तर मुळीच विचार नाही. ज्याच्या दारात वसुलीवाला उभा आहे, त्याला सकारात्मक दृष्टिकोनाचं व्याख्यान देणं हा त्याचा अपमान आहे, आणि तो अपमान शासनाच्या खर्चानंही होत आला आहे. ‘आता काही उपयोग नाही’ हे त्याचं वाक्य कितपत दुखण्याचं आणि कितपत हिशेबाचं, हे त्याच्याशेजारी बसून वेगळं करावं लागतं. हिशेबाचा भाग बँकेनं, बाजारानं, सरकारनं सोडवायचा. पण दुखण्याचा भागही खरा असतो. तो असला की माणूस हाती असलेला अर्जही भरत नाही, पंचनाम्याला हजर राहत नाही, भावाला फोन करत नाही. कठड्याची उंची गुडघ्याएवढीच असली तरी त्याला ती डोंगराएवढी दिसते.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमानं हा दुसरा भाग हाती घेतला. गावातच राहणाऱ्या आरोग्यसेवकांनी छोट्या छोट्या बैठका घेतल्या, टेन्शनविषयी बोलणं सुरू केलं, गरज लागेल त्याला समुपदेशकाकडे आणि तिथून मनोविकारतज्ज्ञाकडे पोचवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जणांना कसली तरी मदत मिळत होती. उपक्रमानंतर सत्तावीस जणांना मिळू लागली. सत्तावीस हा आकडा काही मिरवण्यासारखा नाही, अजून त्र्याहत्तर बाहेरच आहेत. पण देशाची अवस्था शेजारी ठेवून तो पाहावा : बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत नैराश्य असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जण उपचारांविना असल्याचं दिसलं होतं.

मग अडतं कुठे? आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या (पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या) सेवांच्या यादीत मानसिक आरोग्य आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मानसिक आरोग्यसेवेचा कायदा २०१७ चा आहे आणि उपचार हा हक्क असल्याचं तो सांगतो. पण यादीत नाव असणं वेगळं आणि केंद्राच्या एका खोलीत पंख्याखाली दोन खुर्च्या असणं, तिथं अर्धा तास शांतपणे ऐकणारं कुणीतरी रोज बसलेलं असणं वेगळं. त्या माणसाला महिन्याचा पगार हवा, शिकवणी हवी, त्याच्या बैठका तपासणारं वरचं कुणी हवं. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक नोंदवही ठेवून हे होणार नाही. त्यांच्याकडे आधीच किती नोंदवह्या आहेत, ते कुठल्याही आशाताईंची पिशवी उघडून पाहावं. राज्य सरकारनं गोव्याचा हा नमुना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावा. तो परदेशातून आणायचा नाही, सीमेवरच्या दोडामार्गच्या पलीकडून आणायचा आहे. आणि माणसं कुठून आणायची, याचं उत्तर पुण्याच्या मुक्तांगणनं १९८६ पासून दिलेलं आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात, जे स्वतः व्यसनातून बाहेर आले, तेच पुढं दुसऱ्यांचा हात धरायला बसले. समोरचा माणूस जिथून बोलतोय ती जागा त्यांनी पाहिलेली असते.

शाळांनी तर यासाठी पैशाचीही वाट पाहायला नको. शेरा कामावर द्यायचा, मुलावर नाही, एवढा एक नियम शिक्षकांच्या खोलीत पाळला गेला तरी पुष्कळ होईल. ‘भागाकारात हातचा चुकतोय’ हे मुलाला दुरुस्त करता येतं. ‘ढ आहेस’ याचं तो काय करणार? दहावीच्या निकालाच्या दिवशी घरात पहिला प्रश्न टक्क्यांचा असावा की जेवलास का, हा असावा, हेही घराघरानं ठरवायचं आहे.

साताऱ्याच्या त्या मुलींनाही दाखल्यापाशी थांबून चालणार नव्हतं. शाळेच्या पटावर, रेशन कार्डावर, आणि सगळ्यात अवघड म्हणजे आजीच्या तोंडी नवं नाव बसायला हवं होतं. त्या वेळी सहावी-सातवीत असलेल्या आज पंचविशीच्या आसपास आहेत. नवं नाव त्यांना रोज वापरावं लागलं असेल, नव्या नावानं हाक आली की आपणच ते, हे आठवून ‘ओ’ द्यावी लागली असेल, आणि जुन्या नावानं कुणी बोलावलं तर गप्प राहण्याचं धाडस करावं लागलं असेल.

आरोग्य केंद्रातली ती बाई पुढच्या आठवड्यात परत येते. समुपदेशक कागद मागते. बाई बटव्यातून चार घड्या घातलेला कागद काढते, आणि काढता काढताच म्हणते, मला नाही जमलं, सांगितलं होतं मी. कागद टेबलावर पसरला जातो. ठरलेल्या तीन चौकोनांपैकी दोन कोरे आहेत. एकात पेन्सिलीनं फुली मारली आहे, तिच्याशेजारी मातीचा डाग. समुपदेशक कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवत नाही. ती बोट फुलीवर ठेवते आणि विचारते, ‘मावशी, या मंगळवारी कशा उठलात, ते आधी सांगा.’